फायरप्लेसभोवतीचा गिलावा सुटलाय? सिमेंटची गोणी आणू नका

दिवाळी उलटली की ग्वाल्हेरची थंडी जोर धरते आणि पौषात रात्रीचा पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो. मुरारच्या जुन्या बंगल्यांत, लष्कर भागातल्या काही कोठ्यांत, एखाद्या सरदारी वाड्याच्या दिवाणखान्यात फायरप्लेस दिसते ती याच थंडीसाठी बांधलेली. वर्षानुवर्षं तिच्यापुढे दिवाण नाहीतर टीव्हीचं टेबल असतं. मग घरातल्या कुणाला तरी ती पेटवायची हुक्की येते, सामान सरकवलं जातं, आणि मागे दिसतात पोपडे, विटांच्या दरजांतून बोटाने निघणारी भुकटी आणि वर भिंतीवर तपकिरी डाग.

मिस्तरी बोलावला तर तो दारातूनच सांगतो, "एक बोरी सीमेंट मँगा लो, दो दिन का काम है." दोन दिवसांत काम होतं हे खरं. पुढच्या दोन-तीन हिवाळ्यांत तो सगळा थर विटांचे तुकडे घेऊन खाली येतो, हेही तितकंच खरं. चुन्याची दुरुस्ती अवघड नसते, सावकाश असते. कधीही थापी हातात न धरलेल्या माणसालाही ती जमते, फक्त घाई सोडायची तयारी हवी.

सिमेंट का नको

ग्वाल्हेरचा जयविलास महाल १८७४ साली उभा राहिला. भारतात सिमेंटचा कारखाना नीट चालू झाला तो १९१४ साली, पोरबंदरला. म्हणजे आपल्या पणजोबांच्या काळातलं घर असेल तर भिंत चुन्याचीच समजून चाला. आत मातीचा गारा आणि वरून चुना असंही पुष्कळदा निघतं.

फायरप्लेसची भिंत तापते तेव्हा फुगते, निवते तेव्हा आकसते. चुन्याची दरज मऊ असल्यामुळे ही हालचाल पोटात घेते. बारीक चीर पडलीच तर आतला थोडा चुना ओलाव्याबरोबर तिथे येऊन बसतो आणि चीर भरूनही निघते. सिमेंट ताठ. ते हलत नाही, मग हलावं लागतं विटेला, आणि विटेचं तोंड फुटतं. दुसरी गोष्ट ओलाव्याची. चुन्यातून भिंतीतली ओल बाहेर पडते. सिमेंटने ती वाट बुजवली की ती शेजारच्या विटेतून निघते आणि बरोबरचा लोणा, म्हणजे क्षार, विटेला पोखरतो. धुराड्यात तर आणखी एक भानगड असते: दगडी कोळशाच्या काजळीतले सल्फेट ओलाव्याबरोबर सिमेंटशी भिडतात आणि ते फुगून तडकतं.

एक नियम लक्षात ठेवा, बाकीचे त्यातून आपोआप निघतात: नवा भरणा जुन्या विटेपेक्षा मऊच असला पाहिजे. "थोडं सिमेंट चुन्यात मिसळू, पकड येईल" ही तडजोडही नको. चिमूटभर सिमेंटाने चुना बळकट होत नाही, उलट त्याचं धरणं, म्हणजे हळूहळू पक्कं होणं, बिघडतं.

पीओपी आणि वॉल पुट्टीलाही इथे थारा देऊ नका. पीओपी म्हणजे जिप्सम. ते तापलं की त्यातलं पाणी उडतं आणि पुन्हा भुकटी होते. रंगारी दोन्ही वस्तू मोठ्या प्रेमाने सुचवतात, कारण भिंत त्याच दिवशी गुळगुळीत दिसते.

आग कुठे लागते ते पाहून माल ठरवा

फायरप्लेसच्या तीन जागा मनात वेगळ्या करा. पहिली, जिथे लाकडं प्रत्यक्ष जळतात ती आतली खोली. इथे चुना चालत नाही. भिजवलेला चुना साधारण ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे विघटित व्हायला लागतो आणि पुरता धरलेला चुनासुद्धा ८००-९०० अंशांना पुन्हा कळीच्या, म्हणजे भट्टीतून नुकत्या निघालेल्या चुन्याच्या, वाटेने जातो. भट्टीत चुनखडी भाजतात ती याच तापमानाला. तेव्हा आत फायर ब्रिक (आग सोसणारी वीट) आणि फायर क्लेचाच (आग सोसणाऱ्या मातीचाच) गारा, तोही पातळ, दोन-तीन मिलिमीटरच्या दरजांचा. जुन्या विटा धड असतील तर नुसत्या दरजा फायर क्लेने भरून भागतं.

दुसरी जागा तोंडाभोवतीची: कमान आणि बाजूचे खांब. इथे झळ लागते, ज्वाळा लागत नाही. इथे चुन्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांचा चुरा घालायचा. सुरखी एकदा भट्टीतून निघालेली असते, त्यामुळे उष्णतेला दबत नाही आणि चुन्याला लवकर धरायलाही मदत करते. तिसरी जागा वरची भिंत, जिच्या आतून धुराडं जातं. तिला साधा चुना-रेतीचा गिलावा पुरतो.

काम सुरू करण्याआधी भिंत तपासा

बोटाच्या पेराने किंवा थापीच्या मुठीने भिंत ठोकत चला. खणखणीत आवाज आला तो भाग धड. बद्द, पोकळ आवाज आला तिथे गिलावा विटेपासून सुटलाय. खडूने रेघ मारून ठेवा. नव्या माणसाचा हात इथे फार सैल सुटतो आणि सगळीच भिंत उघडी पडते. जुना धड गिलावा नव्यापेक्षा चांगला असतो, त्याला हात लावू नका.

भिंतीवर कुणी आधी काय थापलंय ते कळण्यासाठी एक तुकडा काढून व्हिनेगरमध्ये टाका. फसफसला तर चुना असण्याची शक्यता बरीच. नुसता पडून राहिला तर जिप्सम. चुन्याचा तुकडा ठेचून दोन दिवस व्हिनेगर बदलत ठेवलात तर चुना विरघळतो आणि तळाशी जुनी रेती उरते. ती वाळवून हातावर घेऊन बघा: जाडी किती, रंग कोणता, लाल कण म्हणजे सुरखी आहे का. नवी रेती तिच्याशी जुळणारी आणायची आहे, म्हणून ती कागदात बांधून बाजारात घेऊन जा.

तपकिरी डाग रंगाने झाकत बसू नका. ते धुराड्यातून येतात. वर झाकण नसलेल्या धुराड्यात पावसाळाभर पाणी उतरतं, काजळी भिजते आणि तिच्यातले क्षार भिंतीतून बाहेर निघतात. गच्चीवर जाऊन बघा. पारव्यांची घरटी, मधमाश्यांचं पोळं, पडलेल्या विटा, काहीही निघू शकतं. धुराडं साफ करून घ्या आणि तोंडावर चार विटांच्या पायांवर दगडी फरशी ठेवा, बाजूंना जाळी लावा. हवा खेळली पाहिजे, पाऊस आत येता कामा नये. हे झाल्याशिवाय खालच्या गिलाव्याला हात लावण्यात अर्थ नाही.

मग खिडक्या उघड्या ठेवून आत धूप जाळा आणि धूर कुठून निघतो ते बघा. वरच्या खोलीत किंवा भिंतीच्या चिरेतून निघाला तर प्रकरण गंभीर आहे: लाकडाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो आणि बंद खोलीत तो झोपेतच जीव घेतो. अशी भेग नीट भरेपर्यंत आग नाही. कमान खचलेली दिसली, तोंडावरची लोखंडी पट्टी गंजून फुगली असेल किंवा चिरेत बोट जात असेल, तर हा लेख बाजूला ठेवून इंजिनिअरला दाखवा.

चुना, रेती, सुरखी

बाजारात चुना तीन रूपांत मिळतो. कळीचा चुना म्हणजे भट्टीतून निघालेले खडे. आपल्याकडे कटनीचा चुना प्रसिद्ध आहे. पाणी लागलं की कळी उकळते, वाफा सोडते, फुगते. नवख्या माणसाने हा उद्योग घरी करू नये असं माझं मत आहे. करायचाच तर अंगणात, लोखंडी पिंपात, आधी पाणी घेऊन त्यात कळी थोडी थोडी सोडायची. कळीच्या ढिगावर पाणी ओतायचं नाही. चटका देणारे शिंतोडे उडतात. ॲल्युमिनिअमचं भांडं तर मुळीच नको, चुना त्याला खातो.

दुसरं रूप भिजवून मुरवलेल्या चुन्याचं. घट्ट श्रीखंडासारखा हा चुना पाण्याखाली झाकून ठेवला तर वर्षानुवर्षं टिकतो आणि जितका जुना तितका हाताला मऊ येतो. पानवाल्याकडचा चुना याच जातीचा. दरजांच्या कामाला महिनाभर मुरलेला चालतो, वरच्या गुळगुळीत थराला तीन महिने मुरलेला घ्या, नाहीतर न विरलेले कण नंतर भिंतीतच फुगतात आणि छोटे छोटे खड्डे पाडतात.

तिसरं, पोत्यातली पावडर. नव्या माणसाला हीच सोयीची. पोत्यावर आयएस ७१२ (बांधकामाच्या चुन्याचं भारतीय मानक) आणि ‘क्लास सी’ लिहिलंय का बघा, आणि उत्पादनाची तारीख नक्की बघा. दुकानात पडून राहिलेली पावडर हवेतच धरून मेलेली असते, तिला कितीही घोटा, पकड येत नाही. ताजी पावडर पाण्यात घट्ट भिजवून निदान एक रात्र, जमल्यास आठवडाभर ठेवा.

रेती नदीची, धारदार कणांची, जाड-बारीक मिसळलेली हवी. चंबळच्या रेतीची कुणी गळ घातली तर नाही म्हणा, घडियाल अभयारण्यातला तो उपसा बेकायदा आहे. सिंध नदीची रेती मिळते, ती चाळून वापरा. काचेच्या बाटलीत अर्धी रेती, अर्धं पाणी घालून हलवा आणि तासभर ठेवा. वर गाळाचा ठसठशीत थर बसला तर रेती धुऊन घ्या.

प्रमाण पाठ करण्यापेक्षा एकदा हा प्रयोग करा. कोरड्या रेतीने ग्लास काठोकाठ भरा आणि मोजून पाणी ओता. रेती वर न येता साधारण ग्लासाच्या तिसऱ्या हिश्शाइतकं पाणी आत मावतं. तेवढीच कणांमधली पोकळी चुन्याने भरायची असते, म्हणून एकास तीन. तुमच्या रेतीत पाणी जास्त मावलं तर चुनाही जास्त, एकास अडीच. तोंडाभोवतीच्या मालासाठी एक चुना, एक सुरखी, दोन रेती. सुरखी जुन्या, कमी भाजलेल्या विटा कुटून घरीही करता येते; सिमेंट लागलेल्या विटा मात्र घेऊ नका.

गूळ, बेलफळ, हिरडा, उडदाचं पाणी यांच्याबद्दल विचारणारे खूप भेटतात. जुने कारागीर हे घालत, आणि त्याला कारणंही होती. पण पहिल्याच कामात ते नको. गूळ जास्त झाला तर चुना धरायलाच उशीर होतो आणि चूक कशात झाली ते तुम्हाला कळणार नाही.

डोळ्यांना गॉगल, हातात रबरी मोजे, धूळ उडताना नाकावर मास्क. चुना डोळ्यात गेला तर वाहत्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवा आणि तडक डॉक्टरकडे जा. जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं, तो कोरडा घासू नका, ओला करून खरवडा.

दरजा भरणं

हंगाम निवडा. मे महिन्याच्या लूत चुना धरण्याआधीच सुकतो, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत धरत नाही. ग्वाल्हेरला दसरा ते नोव्हेंबरअखेर आणि मग वसंत पंचमीनंतरचा महिना-दीड महिना, हे दिवस उत्तम.

सैल झालेला माल अरुंद छिन्नी आणि हलक्या हातोडीने काढा. ग्राइंडर चालवू नका. विटेची कड एकदा कापली गेली की गेली. खोली दरजेच्या रुंदीच्या दुप्पट, निदान २० ते २५ मिलिमीटर हवी, आणि तळ चौकोनी. वरवर उकरून भरलेला माल पापुद्र्यासारखा निघून येतो. धूळ ब्रशने आणि फुंकणीने काढा.

आता पाणी. आदल्या रात्री भिंत भिजवा, सकाळी पुन्हा, भरण्याआधी अर्धा तास पुन्हा. वीट ओली हवी, पण तिच्यावरून पाणी ओघळता कामा नये. कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते आणि चुना धरायचाच राहतो. कारण चुना वाळून घट्ट होत नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून पुन्हा दगड बनतो आणि त्यासाठी त्याला बरेच दिवस दमट राहावं लागतं. कामातली बरीचशी अपयशं याच एका गोष्टीत असतात.

माल कालवताना पाणी जवळजवळ नकोच. मुरलेल्या चुन्यात असतं तेवढं पुरतं. आधी तो कोरडाच वाटेल. लाकडी मुसळाने किंवा फावड्याच्या दांड्याने वीस मिनिटं कुटा, मग तो आपोआप लोण्यावर येतो. पूर्वी यासाठी बैलाची घाणी असे. थापीवर घेतलेला गोळा थापी उलटी केली तरी चिकटून राहिला, म्हणजे जमलं.

अरुंद पट्टीने माल आत दाबून भरा. पोकळी राहू देऊ नका. दरज खोल असेल तर दोन थरांत, पहिला थर बोटाला थोडा कडक लागला की दुसरा. तोंड विटेच्या पातळीला किंवा केसभर आत ठेवा, विटेवर लेपू नका. दुसऱ्या दिवशी, अंगठ्याचा ठसा जेमतेम उमटेल अशा वेळी, ताठ ब्रशच्या टोकांनी दरज ठोका. पृष्ठभाग खडबडीत होतो, बारीक चिरा मिटतात आणि वर आलेली चुन्याची साय मोडून हवा आत जायला वाट मिळते. हे ठोकणं सहसा वगळलं जातं. वगळू नका.

मग ओलं गोणपाट भिंतीपासून थोडं दूर टांगा आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ फवारा. पंखा बंद.

गिलावा

दरजा आठ-दहा दिवस धरू द्या. गिलाव्याच्या मालात एकास तीनच्या प्रमाणासोबत ताग किंवा शेळीचे केस बोटभर लांबीचे कापून पिंजून मिसळा. गुंता राहिला तर तिथेच चीर पडते. जुन्या गिलाव्याच्या कडा आतल्या बाजूला तिरक्या कापा, म्हणजे नवा थर त्यांच्याखाली अडकतो. भिंत भिजवा, माल जोराने फेकून मारा, फंटीने (लांब सरळ पट्टीने) सारखा करा. एका थराची जाडी १० मिलिमीटरच्या आत. थोडा कडक झाला की खिळ्याने तिरप्या रेघा मारून ठेवा.

दुसरा थर आठवड्याने, तसाच, पण लाकडी गुरमाळ्याने घोटून. पहिल्या काही तासांत आकसण्याच्या बारीक चिरा दिसतील. घाबरू नका, पाण्याचा शिडकावा देऊन पुन्हा घोटा. शेवटचा थर दोन-तीन मिलिमीटरचा, बारीक चाळलेली रेती किंवा संगमरवराची भुकटी आणि चुना समप्रमाणात.

कमानीशी लोखंडी जाळी किंवा दगडी चौकट असेल तर गिलावा तिला घट्ट भिडवू नका. तीन-चार मिलिमीटर फट ठेवून काचतंतूची उष्णतारोधक दोरी भरा. लोखंड गिलाव्यापेक्षा जास्त फुगतं आणि जागा नसली तर कोपरा उडवतं.

रंगाऐवजी चुनकाम

प्लास्टिक पेंट लावला तर इथवरची मेहनत पाण्यात, कारण भिंतीचं तोंड पुन्हा बंद होतं. चुना गाळून ब्रशवरून ओघळेल इतका पातळ करा आणि ओलसर भिंतीवर एकेक दिवसाच्या अंतराने चार-पाच हात द्या. पहिला हात लावताना भिंतीवर काहीच दिसत नाही, नुसतं पाणी मारल्यासारखं वाटतं. वाळता वाळता पांढरेपणा वर येतो. म्हणून जाड लावायचा मोह आवरा, जाड थराची पावडर हाताला लागते. रंग हवा तर गेरू किंवा पिवळी माती, चुन्याच्या विसाव्या हिश्शाइतकीच.

पहिली आग

गिलावा संपल्यापासून किमान महिनाभर थांबा. नंतर पहिले काही दिवस मूठभर काटक्यांची आग, तास-अर्ध्या तासाची, खिडकी थोडी उघडी ठेवून. भिंतीवर दमट डाग येतील आणि जातील. ओल निघून जातेय इतकंच. एकदम मोठा ओंडका घातलात तर आतल्या पाण्याची वाफ होऊन गिलावा फुगेल. धूप जाळून केलेली तपासणी याच वेळी पुन्हा करा आणि खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, ऑनलाइन सहज मिळतो. केसासारखी चीर दिसली तर हिवाळा संपेपर्यंत तिला हात लावू नका. पुढच्या फाल्गुनात ओली करून चुनकामाचाच दाट हात तिच्यात घोटला की पुरतं.

उरलेला मुरलेला चुना फेकू नका. प्लास्टिकच्या बादलीत भरा, वर चार बोटं पाणी ठेवा, झाकण घट्ट लावा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. पाणी आटलं की भर घालत राहायचं.